चव तुझी, सही माझी

३ सप्टेंबर

ताई,

नमस्कार. हे पत्र एकटीने वाच. बर्फाच्या पेटीत पाच बाटल्यांच्या तळाशी पिशवीत घालून पाठवतोय. ड्रायव्हरकाकांना बजावलंय की पेटी फक्त ताईच्या हातात द्यायची.

सरळच सांगतो. मला वास येत नाही. चव कळत नाही. जुलैमधल्या तापानंतर खोकला गेला, अंगदुखी गेली आणि त्यांच्याबरोबर हेही गेलं. पहिले आठ दिवस वाटलं, सर्दी आहे, सुटेल. आज सात आठवडे झाले. चहा म्हणजे गरम पाणी, ब्रेड म्हणजे ओला पुठ्ठा. आंबट तेवढं कळतं, तेही जिभेला नाही, दात आंबतात म्हणून. परवा गॅसवर दूध करपून काळं झालं आणि मी शेजारी उभा राहून पेपर वाचत होतो. ही आतून ओरडत आली, "अहो, नाक कुठे गहाण ठेवलंय?" मी हसलो. दुसरं काय करणार?

तुला माहीतच आहे, माझं पोट माझ्या जिभेवर चालतं. सोळा वर्षं या पेयांच्या कारखान्यात चव घेतोय. साखर मशीन मोजतं, आंबटपणा मशीन मोजतं, जंतू प्रयोगशाळा मोजते. पण बाटली बाहेर जायची की नाही ते माझ्या सहीवर ठरतं. गेले सात आठवडे मी रंग बघून, आकडे बघून आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून सह्या ठोकतोय.

आणि नेमकं आता हे काम आलंय. तुमच्या डोंगरावरच्या सी बकथॉर्नची, त्या आंबट केशरी फळाची, स्मूदी. भावोजींच्या मागे तू जी शेड चालवतेस, तिथलाच गर. मालकांना ती थंडीच्या तोंडावर बाजारात हवीय. लेबलासाठी त्यांनी कागदभर गुण लिहून काढले: त्वचा, डोळे, हृदय, प्रतिकारशक्ती, केस. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी लाल पेनाने अर्धे खोडले. म्हणाल्या, "क जीवनसत्त्व भरपूर आहे, ते लिहा. गरातलं तेल चांगलं आहे, तेही लिहा. बाकीचं अजून कोणी नीट सिद्ध केलेलं नाही." पण गुण कितीही असोत, पहिला घोट घशाखाली उतरला पाहिजे, आणि तो उतरवायचं काम माझं.

बाटल्यांवर एक ते पाच आकडे आहेत. तू चाख आणि काय लागतं ते लिही. जसं लागेल तसं लिही, कारखान्याच्या भाषेत नको. घरात जीभ म्हणावी तर ती तुझीच. कोणाला बोललो नाहीये. हिलाही नाही. ही नोकरी गेली तर या वयात दुसरं काय येतं मला?

तुझा
छोट्या

१० सप्टेंबर

चि. छोट्या,

आशीर्वाद. गाढवा, सात आठवडे गप्प बसलास? आधी नाकाच्या डॉक्टरकडे जा. आणि बायकोला सांग. ती काही तुला घराबाहेर काढत नाही. लग्न झाल्यापासून तिच्या स्वयंपाकाला नाक मुरडत आलास. आता मुरडायला नाकच उरलं नाही म्हटल्यावर बिचारी सुटेल.

बाटल्या मागच्या खोलीत दार लावून, सकाळी उपाशीपोटी चाखल्या. मध्ये मध्ये कोमट पाण्याने चूळ भरली.

एक नंबर म्हणजे नुसतं केळं. आमचं फळ कुठे मागच्या बाकावर जाऊन बसलंय कोण जाणे. दोन नंबर फाटलीय. दह्यात इतकं आंबट गेल्यावर दुसरं काय होणार? जिभेवर कणी लागते, खडू चावल्यासारखी. चार आणि पाच ओतून दे. चारमध्ये साखर एवढी की माझी दाढ ठणकली.

तीन नंबर, मध आणि गाजराची. तिच्यापाशी थांबले. आधी आंबट येतं, असं की डोळे आपोआप मिटतात आणि कानामागे कळ जाते. मग ते आंबट जरा बाजूला सरकतं आणि संत्र्याची साल नखाने सोलताना जो फवारा उडतो, तसा वास येतो. त्याच्या मागून जास्त पिकलेल्या अननसासारखं काहीतरी. मग गाजराचा गोडवा, शांत. गिळून झाल्यावर ओठांवर तेलाचं बोट फिरल्यासारखं राहतं, आणि अगदी शेवटी, ओल्या लोकरीचा येतो ना, तसला एक उग्र वास. त्याने लोक बिचकतील. अर्धं केळं घाल, तो झाकला जाईल. पूर्ण नको, अर्धंच. आणि चिमूटभर मीठ.

इथे कापणी सुरू झालीय. तुम्ही मोठमोठी नावं देता, आम्ही नुसतं 'काटा' म्हणतो. फळ हाताने तोडायला जावं तर फुटतं आणि बोटंही फुटतात. म्हणून फांद्याच कापायच्या, गोठवायच्या आणि कडक झाल्या की झोडपायच्या. केशरी मणी टपाटपा पडतात. बावीस जणी आहेत शेडमध्ये. संध्याकाळी एकमेकींच्या हातातले काटे काढत बसतात आणि कोणाच्या हातात जास्त निघाले त्यावरून भांडतात.

लेबलावर काय लिहायचं ते तुमच्या मॅडमना ठरवू दे. चांगलं फळ आहे रे, पण औषध करू नका त्याचं.

बाटल्या पाठवत जा. मी आहे.

ताई

२४ सप्टेंबर

ताई,

जिंकलो! तू म्हणालीस तसं केलं. अर्धं केळं, मध, गाजर, चिमूटभर मीठ. मालकांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, "हेच!" मग मला विचारलं, "नेमकं काय लागतंय सांगा." मी तुझं पत्र म्हणून दाखवलं. संत्र्याची साल, नखाने सोलताना उडणारा फवारा, अननस, तेलाचं बोट. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मालक म्हणाले, "याला म्हणतात जीभ." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजलो.

डॉक्टरकडे जाऊन आलो. वासाची नस दुखावलीय म्हणतात. काहींना सहा महिन्यांनी येतो परत, काहींना दोन वर्षांनी, काहींना येतच नाही. चार छोट्या बाटल्या दिल्यात: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या आणि तो वास आठवायचा. मी बाथरूमचं दार लावून हुंगतो. बंद घराची बेल वाजवत उभं राहावं, तसं वाटतं.

आमची मिठू शाळेतून आली की धावत येऊन गळ्यात पडते. नऊ वर्षांची घोडी झाली तरी अजून पडते. तिच्या केसांना एक वास असायचा, पेन्सिलीचा आणि उन्हाचा. परवा तो आठवायला गेलो तर आठवेना. त्या दिवशी फार घाबरलो, ताई.

एक विचारतो, हसू नकोस. तुमच्याकडे हे फळ पिऊन कोणाचा वास परत आल्याचं ऐकलंयस का? मालकांच्या यादीत सगळं आहे, हेच नाही. खरं काय ते लिही.

छोट्या

१ ऑक्टोबर

चि. छोट्या,

हो, ऐकलंय. ऐकलंय कशाला, बघितलंय. आमच्या शेडमधल्या थोरल्या मावशींच्या सासूबाईंचं असंच झालं होतं. मीठ आणि साखर ओळखू यायची नाही त्यांना. रोज सकाळी वाटीभर गर घ्यायच्या. तीन महिन्यांनी एक दिवस अंथरुणातूनच ओरडल्या, "कोणी तरी ब्रेड जाळला गं!" आणि खरंच जळला होता. तेव्हा धीर सोडू नकोस.

बायकोला सांगितलंस का? त्याबद्दल एक अक्षर नाही पत्रात, म्हणजे नाहीच सांगितलंस.

इकडे दिवसातून चार वेळा वीज जाते. शीतगृह सगळं जनरेटरवर आहे आणि तो म्हातारा नुसता खोकतोय. फोनचा टॉवर हिमकड्याने पाडला तो अजून तसाच आडवा आहे. बाकी ठीक.

ताई

१५ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. त्या सासूबाई वाटीभर घ्यायच्या ना? मी रोज सहा ग्लास घेतो. मध नाही, केळं नाही, नुसता गर पाण्यात. तोंड आतून सोलवटलंय, पोटात जाळ होतो, पण सोडायचा नाही असं ठरवलंय. रोज सकाळी उठलो की आधी उशी हुंगतो. अजून काही नाही. तीन महिने व्हायचे आहेत, मला कळतं, पण मन ऐकत नाही.

काल जीव गेला असता. मालकांनी खोलीत बोलावलं. टेबलावर दोन कप. माझा असिस्टंट भिंतीला टेकून उभा. मालक म्हणाले, "यातला एक कालच्या मिश्रणाचा, एक आजचा. कुठला कुठला?"

"असं अचानक?" मी म्हटलं.

"तुम्हाला काय अवघड आहे?"

पहिला कप उचलला. काही नाही. दुसरा उचलला. काही नाही, ताई, काहीच नाही, दोन्ही घोट नुसते थंड. मी असिस्टंटकडे पाहिलं. त्याची नजर क्षणभर डाव्या कपावर गेली. मी म्हटलं, "डावा आजचा." "बरोबर," मालक म्हणाले. बाहेर आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. हे किती दिवस चालणार?

आता महत्त्वाचं. तू नऊ तारखेला पाठवलेला माल आला. निम्मे ड्रम बाटल्यांत भरून झाले, निम्मे गोदामात आहेत. जंतूंची तपासणी पास झालीय. अडलंय फक्त माझ्या सहीवाचून. बावीस तारखेला सही झाली की गाड्या भरणार. पेटीत या मालाची एक बाटली आहे. या वेळी वर्णन नको. एका शब्दात लिही: चांगली की वाईट. तू म्हणशील तसं करीन.

छोट्या

१९ ऑक्टोबर

चि. छोट्या,

चांगली आहे. सही कर.

पोटात जाळ होत असेल तर इतकं पिऊ नकोस. काका गाडी चालू ठेवून उभे आहेत, वर ढग भरून आलेत. घाईत आहे.

ताई

२० ऑक्टोबर

छोट्या,

सही करू नकोस. कालचं पत्र फाडून टाक. सही करू नकोस.

काका काल गाडी घेऊन निघून गेले. हे पत्र लाकडाच्या गाडीवाल्याकडे देतेय. तो म्हणतो, आज खिंड ओलांडली तर उद्या संध्याकाळी तुझ्याकडे पोचेल.

पाच तारखेला जनरेटर बंद पडला, तो आठ तारखेला सुरू झाला. तीन दिवस शीतगृह बंद होतं. पहिल्या दिवशी आम्ही ओढ्यातून बर्फ फोडून आणला, गोणपाटात घालून फळांवर लावला. दुसऱ्या दिवशी फरशीवरून केशरी पाणी वाहायला लागलं. तिसऱ्या दिवशी खोक्यांत बुडबुडे दिसले. वीज आल्यावर मी सगळं पुन्हा गोठवलं, गर काढला आणि नऊ तारखेला पाठवून दिला. बायकांना म्हटलं, वरवरचंच वितळलं होतं, काही होत नाही.

हा माल परत आला असता तर तुमच्या मालकांनी दुसरीकडून गर घेतला असता. मग या बावीस जणी हिवाळाभर काय करणार? इथे दुसरं काम नाही रे. एकीचं बाळ चार महिन्यांचं आहे. एकीचा नवरा अंथरुणाला खिळलाय.

तुझी बाटली काल उघडली आणि टोपण निघताच कळलं. तळघरात पोतेरं कुजावं तसा वास. घोट घेतला तर आधी आंबट, मग कडू, आणि घशात बुरशीची चव राहिली ती अजून आहे. आणि मी बसून लिहिलं, चांगली आहे. तुझ्या जिभेच्या जागी माझी जीभ आहे, हे माहीत असून लिहिलं. काकांची गाडी वळणाआड गेली आणि मी रात्रभर ते टोपण हातात घेऊन बसले.

सही करू नकोस. माझं नाव सांगून टाक.

ताई

६ नोव्हेंबर

ताई,

खिंड बंद झालीय म्हणून हे पत्र लांबच्या रस्त्याने टपालाने पाठवतोय. तुझं एकोणीस तारखेचं पत्र मिळालं, त्यानंतर काही नाही. तू बरी आहेस ना?

बावीसला सही केली. तीस तारखेला मालकांनी शाळांमध्ये बाटल्या फुकट वाटल्या. मिठूच्या शाळेतही. एका मुलाला एक.

मुलांनी तोंडं वाकडी केली. कोणी थुंकलं, कोणी बाकाखाली ओतलं. बाई सांगत होत्या, मिठू उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या बाबांनी पास केलीय. माझे बाबा चुकत नाहीत." आणि तिने आपली बाटली संपवली. मग मैत्रिणीने अर्धी टाकली होती, तीही संपवली, बाबांची मेहनत वाया जायला नको म्हणून.

अकरा मुलांना उलट्या झाल्या. दहा संध्याकाळपर्यंत घरी गेली. मिठू तीन दिवस दवाखान्यात होती. सलाईन लावायला शीर सापडेना, चार ठिकाणी टोचलं. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन मला म्हणाली, "बाबा, घाण वास येत होता हो. पण मला वाटलं, मलाच कळत नसेल." मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो. किती वेळ बसलो ते माहीत नाही.

आता ती घरी आहे. जेवते थोडं थोडं. मॅडम म्हणाल्या, माल तापवला की जंतू मरतात, म्हणून तपासणी पास झाली. पण त्यांनी आधीच मागे सोडलेली घाण तापवून जात नाही. ती नाकालाच कळायला हवी होती. म्हणजे मला.

चौकशी झाली. मालकांनी विचारलं, "तुम्ही स्वतः चव घेतली होती?" मी म्हटलं, हो. "मग वास कसा आला नाही?" मी म्हटलं, चुकलो. तुझं नाव घेतलं नाही आणि घेणारही नाही. मला निलंबित केलंय. घरी हिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला सांगितलं असतंत तर मी चाखली असती."

ताई, रात्रंदिवस एकच विचार डोकं पोखरतोय. तुला कसं कळलं नाही? तुझी जीभ अशी चुकणारी नाही. तुलाही ताप येऊन गेला का? तुझाही वास गेलाय का आणि मला त्रास नको म्हणून लपवते आहेस? तसं असेल तर डॉक्टरकडे जा. मी लपवलं, त्याचं काय झालं ते बघतेच आहेस. काळजी वाटते तुझी. लगेच लिही.

छोट्या

१४ नोव्हेंबर

चि. छोट्या,

सोबत वीस ऑक्टोबरचं पत्र जोडलंय. ते आधी वाच. मग हे.

लाकडाचा गाडीवाला खिंडीत अडकला, गाडी तिथेच सोडून परत आला आणि परवा ते पत्र माझ्या हातात देऊन म्हणाला, "माफ करा, राहूनच गेलं." तोवर मी धरून चालले होते की तुला मिळालंय. तुझं उत्तर येईना तेव्हा वाटलं, तू रागावला आहेस आणि बोलत नाहीस. मी म्हटलं, रागावू दे, सही तर थांबली. तेवीस दिवस मी या समजुतीवर जेवले, झोपले.

मग एकाच दिवशी दोन्ही आली. तुझं पत्र आणि माझंच पत्र.

मिठूबद्दल मी काही लिहू शकत नाही. तीन वेळा लिहिलं आणि खोडलं.

मला काही झालेलं नाही, छोट्या. ताप नाही, काही नाही. माझी जीभ ठणठणीत आहे. तू माझ्यासाठी पळवाट अगदी तयार करून पाठवली होतीस. हो, माझाही वास गेलाय, एवढं लिहिलं असतं की संपलं असतं. उलट तूच मला औषधं पाठवली असतीस. दोन दिवस मी ती पळवाट धरून बसले. जुनं पत्र स्टोव्हपाशी नेलं. झाकणही उघडलं होतं. पण तू लिहिलं आहेस, काळजी वाटते तुझी. ते वाचलं आणि झाकण लावलं.

आणि ती सासूबाईंची गोष्ट खोटी. थोरल्या मावशींच्या सासूबाई आहेत, पण त्यांचं नाक कधीच गेलं नव्हतं. तू इतका खचला होतास, मला वाटलं, तीन महिने आशेवर काढेल, तोवर येईल परत. तुझं तोंड सोलवटलं तेही माझ्यामुळे. हे पिणं बंद कर. आजच बंद कर.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू?

ताई

२७ नोव्हेंबर

ताई,

दोन्ही पत्रं चार वेळा वाचली. पाचव्यांदा हिने हातातून काढून घेतली आणि स्वतः वाचली. वाचून म्हणाली, "त्यांना इथे येऊ देऊ नका." नंतर खूप वेळ स्वयंपाकघरात भांडी घासत होती. घासलेलीच पुन्हा घासत होती.

मला राग आलाय. इतका की चार दिवस पेन धरवत नव्हतं. तुला जाब विचारायला बसलो की माझी सही डोळ्यांपुढे येते. सोळा वर्षांची सही आणि तिच्यामागे कोणी नाही. खोटं मी आधी सुरू केलं, तू त्यात भर घातलीस. हे कळतं. तरी राग जात नाही. माफ केलं असं आज लिहिलं तर तेही खोटंच होईल, आणि आपल्यात खोटं पुष्कळ झालं.

आता जे सांगायचंय ते नीट वाच, कारण कारखान्याचं पत्र तुला येईलच. त्याआधी माझ्याकडून कळावं.

गोदामात त्याच मालाचे निम्मे ड्रम पडून होते. सोमवारी असिस्टंट घरी आला. मिठूसाठी रंगाची पेटी घेऊन आला होता, भला पोरगा आहे. म्हणाला, मालक तो माल फेकायला तयार नाहीत. शाळेतल्या बाटल्या उन्हात राहिल्या म्हणून बिघडल्या, असं त्यांनी ठरवून टाकलंय. उरलेल्या गरात व्हॅनिला आणि दुप्पट साखर घालून डिसेंबरात काढायचा. गोड केलं की वास दबेल.

मी मंगळवारी गेलो. मालकांसमोर मॅडमनाही बोलावलं. सांगितलं की जुलैपासून मला चव नाही. चाखत होती माझी बहीण. आणि हा माल तीन दिवस वितळून कुजलेला होता, तो दुसऱ्यांदा गोठवलाय. तुझं वीस तारखेचं पत्र टेबलावर ठेवलं. मालकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "तुम्ही तुमच्या बहिणीचा गळा कापताय, कळतंय ना?"

मी म्हटलं, "कळतंय."

मॅडमनी तिथेच ड्रमांना सील लावलं. मला कामावरून काढलं. तुमच्या शेडकडून यापुढे काहीही घ्यायचं नाही असं ठरलं. या वर्षी नाही, पुढेही नाही. म्हणजे ज्या भीतीने तू ते लिहिलंस, ते शेवटी माझ्याच हातून झालं. त्या चार महिन्यांच्या बाळाचं तू लिहिलं होतंस. ते मी विसरलो नव्हतो. जाणून-बुजून केलं.

मिठू शाळेत जायला लागलीय. तुझ्याबद्दल तिला काही सांगितलेलं नाही. आत्या कधी येणार, म्हणून विचारते. बाकी बरी आहे. एवढंच की मी काहीही हातात दिलं, साधं पाणी दिलं, तरी आधी ग्लास नाकाशी नेते. माझ्याकडे न बघता नेते, मला वाईट वाटू नये म्हणून. मग पिते.

छोट्या

८ डिसेंबर

चि. छोट्या,

कारखान्याचं पत्र परवा आलं. तुझं त्याच्या दोन दिवस आधी आलं होतं, ते बरं झालं. तू केलंस ते बरोबर केलंस. हे मी मोठेपणाने लिहीत नाहीये. माझ्यात मोठेपणा राहिलेला नाही. तू केलं नसतंस तर आणखी कोणाची तरी मिठू असती.

काल सगळ्या जणींना शेडमध्ये बसवलं आणि सांगितलं. जनरेटर, नऊ तारीख, तुझी बाटली, माझं पत्र, शाळा, मिठू. काही गाळलं नाही. वाटलं होतं, ओरडतील, रडतील, निदान शिव्या तरी घालतील. एक जण रडली, ती बाळाची आई. कोणीतरी स्टोव्हमध्ये लाकूड सारलं.

मग थोरल्या मावशी उठल्या. सत्तरीच्या आहेत, बोटं काट्यांनी वाकडी झालीत. माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्यासाठी केलंस म्हणतेस?"

मी म्हटलं, "हो."

"मग आम्हाला विचारलं का नाहीस? विचारलं असतंस तर आम्ही नको म्हटलं असतं."

मी एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. खरंच नको म्हटलं असतं, छोट्या. एकूण एक जणींनी म्हटलं असतं. बर्फ फोडून आणणाऱ्या बायका त्या, उपाशी राहिल्या असत्या पण दुसऱ्याच्या लेकराला ते पाजलं नसतं. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर फांद्या झोडपल्या आणि एवढं मला कळलं नव्हतं.

आज सकाळपासून शीतगृह रिकामं करतोय. मी एकटीच करणार होते, पण सगळ्या आल्या. कोणी माझ्याशी बोलत नव्हतं, तरी आल्या. उरलेला गर मागच्या घळीत ओतला. पांढऱ्या बर्फावर तो केशरी लोट उतरत गेला आणि घाण वास उठला. एकीने पदराने नाक दाबलं. मी दाबलं नाही.

दोघी-तिघी खाली गावात कपडे धुवायची कामं मिळतात का बघायला जाणार आहेत. बाळाच्या आईला माझ्या घरी आणलंय, माझी दुसरी खोली रिकामीच होती. बाकीच्यांचं काय होईल ते मला माहीत नाही. खोटी आशा लावायची सवय मोडायची आहे, म्हणून लिहितेय की माहीत नाही.

रस्ता सुटला की मी येते. वहिनीला सांग, बोलली नाही तरी चालेल, घरात घेतलं नाही तरी जिन्यात बसेन. राहायला येत नाहीये. मिठूला माझ्याबद्दल तू काही सांगू नकोस, वहिनीनेही नको. तिच्या बाबांनी ज्या कागदावर विश्वास ठेवून सही केली, तो कागद कोणी लिहिला होता ते तिला मी सांगेन, तिच्यासमोर बसून. मग ती मला आत्या म्हणेल की नाही, ते तिचं ती ठरवेल.

ताई